नाव काढू नकोस, आधी आठवडे मोज

प्रश्न : मी रसायनशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काहीच ठरवलेलं नसताना दिवस गेले. सोनोग्राफीत ११ आठवडे निघाले. बाळ होऊ द्यायचं, हा निर्णय माझा झाला आहे. सात आठवड्यांनी तिसऱ्या सत्राची परीक्षा आहे. कॉलेजमधून नाव काढू का? प्रॅक्टिकल चालतील का? आणि कॉलेजात सांगायचं कुणाला?

उत्तर : नाव काढू नकोस. एकदा नाव काढलं की परत यायला बहुतेक ठिकाणी प्रवेशाची सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते. मंजूर रजेत जागा आणि मिळवलेले गुण टिकण्याची शक्यता कितीतरी जास्त. तुझ्या घाबरण्यात काहीच गैर नाही, पण घाबरून लिहिलेला अर्ज मागे घेणं अवघड असतं.

निर्णय झाला आहे असं तू लिहिलंस, म्हणून पुढचं सगळं ते धरूनच. तरी मनात थोडाही किंतु असेल तर याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोल. आठवडे वाढतात तसे पर्याय कमी होतात. स्वतःच्या मनाने कुठलीही गोळी घेऊ नकोस.

आता कॅलेंडर समोर घे. दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या तारखेपासून मोजतात आणि प्रसूतीची तारीख ४० आठवडे पूर्ण होतात तिथे येते. तुझी परीक्षा १८व्या आठवड्यात पडते. मळमळ बहुतेकींना तोवर कमी झालेली असते आणि पोटाचं ओझंही फारसं नसतं, म्हणून ही परीक्षा पूर्ण दे. चौथं सत्र साधारण २२व्या आठवड्यात सुरू होऊन त्याची परीक्षा ३९-४०व्या आठवड्यात येईल. तिथेच बहुतेक मुली फसतात. ‘जमेल तेवढं करू’ म्हणून सगळे विषय घेतात आणि गुणपत्रिकेवर एका ओळीत नापास किंवा गैरहजर असे शेरे येतात. बाळ ३७व्या आठवड्यानंतर कधीही येऊ शकतं. शिवाय जागतिक आरोग्य संघटना तपासणीच्या किमान आठ भेटी सुचवते, त्यातल्या पाच ३०व्या आठवड्यापासून पुढे येतात. हजेरी तिथेच घसरते.

माझं मत स्पष्ट आहे : तिसरं सत्र पूर्ण कर आणि मग एक वर्षाची रजा घे. सहा महिन्यांची रजा कागदावर आकर्षक दिसते, पण चौथ्या सत्राचे विषय वर्षातून एकदाच शिकवले जात असतील तर ती शेवटी वर्षाचीच होते. वर्षाने परतशील तेव्हा बाळ साडेसात-आठ महिन्यांचं असेल.

अर्ज देण्याआधी कार्यालयात चार गोष्टी विचार. अभ्यासक्रम किती वर्षांत पुरा करावा लागतो आणि रजा त्यात धरतात का? शिष्यवृत्ती थांबते की पुढे ढकलली जाते? शैक्षणिक कर्ज असेल तर रजेत हप्ते सुरू होतात का? वसतिगृहातली जागा राहते का? अर्जात रजेच्या दोन्ही तारखा आणि ‘त्याच अभ्यासक्रमात परत रुजू होणार’ हे वाक्य हवंच. सोबत अपेक्षित प्रसूतीची तारीख असलेलं वैद्यकीय प्रमाणपत्र जोड. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस. तोंडी ‘हो’ पुढच्या वर्षी कुणालाच आठवत नाही.

प्रॅक्टिकलचा प्रश्न तातडीचा आहे. बेंझिन, टोल्युइन, क्लोरोफॉर्म, फॉर्मल्डिहाइड, तसंच शिसं, पारा आणि या दोन धातूंची संयुगं यांपासून आजपासूनच लांब राहा. साधा मास्क वाफा अडवत नाही आणि पातळ हातमोज्यांतून क्लोरोफॉर्मसारखी द्रावकं काही मिनिटांत आत उतरतात. फ्यूम हूडमुळे, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटामुळे, धोका घटतो, संपत नाही. शेजारच्या टेबलावर कुणी बाटली उघडली तरी तू त्याच हवेत असतेस. सत्राच्या प्रयोगांची यादी घे, प्रत्येक रसायनाची सुरक्षा माहितीपत्रिका मागून घे आणि कुठले प्रयोग टाळायचे ते डॉक्टरांकडून लिहून घे. पाण्यातली सौम्य अनुमापनं (टायट्रेशन) बहुधा चालतात, द्रावकांचे प्रयोग रजेनंतर पूर्ण करू द्या अशी विनंती कर.

यासाठीच प्रयोगशाळेच्या शिक्षकांना आणि विभागप्रमुखांना लगेच सांगावं लागेल. दोन वाक्यं पुरेत : मी गरोदर आहे, प्रसूती अमुक महिन्यात आहे. कसं झालं, कुणाचं, याची उत्तरं देण्याची गरज नाही. वर्गात सांगायची घाई नको, पण एका विश्वासू मैत्रिणीला डॉक्टरांचा नंबर देऊन ठेव.

परीक्षेला दाराजवळची जागा, पाण्याची बाटली आणि स्वच्छतागृहात जायची मुभा मागून घे, बैठकव्यवस्था ठरण्याआधी. जागरणासाठी कॉफीवर भिस्त नको. दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिनच्या आत राहा, म्हणजे साधारण दोन मग इन्स्टंट कॉफी. एनर्जी ड्रिंक बंद. रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड अजून सुरू केलं नसेल तर आजच डॉक्टरांना विचार. लोहाची गोळी चहा-कॉफीबरोबर घेऊ नकोस, लोह नीट शोषलं जात नाही.

रक्तस्राव झाला किंवा पाणीही पोटात टिकेना, तर पेपर असला तरी त्याच दिवशी दवाखाना. २०व्या आठवड्यानंतर डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधुक झालं किंवा चेहऱ्यावर अचानक सूज आली तरीही तेच. अभ्यासाने डोकं दुखतंय असं समजून मुली थांबतात आणि वाढलेला रक्तदाब उशिरा कळतो.

रजेच्या वर्षात प्रसूतीनंतरचे पहिले तीन महिने कुठलाही कोर्स घेऊ नकोस. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरांना सांग, त्यावर उपचार आहेत. नंतर प्रयोगशाळा न लागणारं एकच काहीतरी शीक. रसायनशास्त्रातल्या नोकऱ्यांत संख्याशास्त्र आणि स्प्रेडशीटवरचं विश्लेषण हमखास उपयोगी पडतं. बायोडेटावर ‘वैद्यकीय रजा, एक वर्ष’ एवढी ओळ पुरे.

कॉलेज सुरू होण्याआधी दोन आठवडे बाळाला ते सांभाळणाऱ्या व्यक्तीकडे रोज तीन-चार तास ठेवून बघ. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. कॉलेजात दूध काढायला कडी लागणारी एक खोली लागेल, तिची मागणीही परत रुजू होण्याच्या अर्जातच लिही.