हायपर-व्ही होस्टवर एक्सटर्नल स्विच तयार करताच रिमोट जोडणी का तुटली?

शाखेतील विंडोज सर्व्हर २०१९ च्या होस्टला (हायपर-व्हीच्या साहाय्याने आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणाऱ्या मूळ सर्व्हरला) एकच नेटवर्क कार्ड आहे, त्यावर आपण एक्सटर्नल प्रकारचा, म्हणजे व्हीएमना बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारा, आभासी स्विच तयार केला आणि रिमोट डेस्कटॉप तुटला तो परत जोडला गेलाच नाही, असे आपण लिहिले आहे. असे स्विच निर्धोकपणे कसे हाताळावेत, हा आपला प्रश्न आहे.

एक्सटर्नल स्विच तयार होतो तेव्हा हायपर-व्ही प्रत्यक्ष कार्डावरील आयपीची बांधणी सोडवते आणि ते कार्ड पूर्णपणे स्विचच्या ताब्यात देते. त्यानंतर कार्ड हे केवळ स्विचमधून बाहेर पडणारी वायर उरते आणि होस्टला स्वतःला नेटवर्क हवे असेल, तर त्यालाही एखाद्या व्हीएमप्रमाणे त्या स्विचवर ‘व्ही-इथरनेट’ नावाचे आभासी कार्ड घ्यावे लागते. हे कार्ड मिळावे की नाही, हे मॅनेजमेंट ऑपरेटिंग सिस्टिमला (म्हणजे होस्टच्याच विंडोजला) कार्ड वापरू देण्याच्या चौकटीतील खुणेवर ठरते. खूण असली तरी जोडणी काही सेकंद तुटतेच. ती परत येत नाही, याचा अर्थ बहुधा खूण राहून गेली आहे किंवा होस्टचा स्थिर पत्ता नव्या आभासी कार्डावर आलेला नाही.

आता शाखेतील कोणाला तरी सर्व्हरसमोर बसवावे लागेल. प्रशासकाच्या पॉवरशेलमध्ये सेट-व्हीएमस्विच या आज्ञेला स्विचचे नाव देऊन अलाऊ-मॅनेजमेंट-ओएस हा पर्याय ‘ट्रू’ करावा आणि जुना आयपी, गेटवे व डीएनएस व्ही-इथरनेट कार्डावर हाताने भरावेत. ते प्रत्यक्ष कार्डावर भरण्याचा मोह होतो, पण तेथे ते निरुपयोगी असतात. होस्टचे व्यवस्थापन वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारांवरील स्वतंत्र आभासी नेटवर्कवर) असेल, तर त्याचा क्रमांकही याच आभासी कार्डाला द्यावा लागतो आणि पलीकडचा प्रत्यक्ष स्विचपोर्ट ट्रंक (अनेक व्हीलॅन एकत्र नेणारा) असावा लागतो.

हीच चूक मी एकदा रात्री साडेदहाला केली आणि पहाटेच्या एसटीने ग्राहकाच्या कार्यालयात जाऊन ती निस्तरली. तेव्हापासून स्विचला हात लावण्यापूर्वी मी होस्टचे सर्व पत्ते कागदावर उतरवून घेतो आणि आयलो किंवा आयड्रॅकसारखा, विंडोजचे नेटवर्क तुटले तरी सर्व्हर दुरून हाताळू देणारा स्वतंत्र कन्सोल उपलब्ध असल्याशिवाय शक्यतो काम सुरू करत नाही. तो नसेल तर स्विच काढून मूळ कार्डाला जुना पत्ता परत देणारी स्क्रिप्ट टास्क शेड्यूलरमध्ये पंधरा मिनिटांनंतरच्या वेळेवर लावून ठेवतो आणि सर्व सुरळीत झाले की ती रद्द करतो.

मुळात प्रत्येक व्हीएमला एक्सटर्नल स्विच हवाच असतो, असे नाही. प्रायव्हेट स्विचवर केवळ व्हीएम एकमेकांशी बोलतात, तर इंटर्नलवर होस्टही त्यांत सामील होतो. चाचणीच्या व्हीएमना इंटरनेटपुरती वाट हवी असेल, तर इंटर्नल स्विच करून होस्टच्या आभासी कार्डाला समजा १९२.१६८.५०.१ हा पत्ता द्यावा आणि न्यू-नेटनॅट या आज्ञेने तो पत्त्यांचा पट्टा नॅटमागे (होस्टच्या पत्त्याआडून बाहेर जाण्याच्या सोयीमागे) ठेवावा. प्रत्यक्ष कार्डाला धक्काही लागत नाही. मात्र हे नॅट स्वतः डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणारी सेवा) चालवत नाही, म्हणून व्हीएमना पत्ते आपणच द्यावे लागतात. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून मिळणारा ‘डिफॉल्ट स्विच’ पत्ते आपोआप देतो, पण तो सर्व्हरवर नसतो आणि होस्ट पुन्हा सुरू झाल्यावर त्याचा पट्टा बदलू शकतो.

पुढे दुसरा होस्ट घेऊन व्हीएम लाइव्ह मायग्रेट करण्याचा, म्हणजे चालू असतानाच त्यावर हलवण्याचा, विचार असेल, तर दोन्हीकडे स्विचचे नाव तंतोतंत एकच ठेवावे, अन्यथा हलवलेल्या व्हीएमला जोडायला स्विचच सापडत नाही. त्याआधी मात्र या होस्टला त्याच वेगाचे दुसरे कार्ड बसवावे, असे मी सुचवेन. सर्व्हर २०१६ पासून स्विचमध्येच कार्डांची जोडी करता येते. त्यासाठी न्यू-व्हीएमस्विचमध्ये एम्बेडेड टीमिंग सुरू करावे आणि प्रत्यक्ष स्विचवर त्या दोन पोर्टांचे एलएसीपी (स्विचच्या बाजूने पोर्ट एकत्र जोडण्याची पद्धत) बांधू नये, कारण ही जोडी स्विचपासून स्वतंत्रपणेच चालते.