पहिलं प्रकाशन एकदाच होतं: लेखन कुठे पाठवावं याविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांत बारा मजकूर साठलेत, पाच कथा आणि सात माहितीपर लेख. पाचपैकी दोन कथा तुम्ही स्वतःच्या संकेतस्थळावर टाकल्या, पण वाचक फारसे आले नाहीत. आता एखाद्या मोठ्या व्यासपीठावर लिहावं, ऑनलाइन नियतकालिकांकडे पाठवावं, की प्रवेशशुल्क असलेल्या त्या कथास्पर्धेत उतरावं, हे ठरत नाहीये.

मी सतरा वर्षं ऑनलाइन लिहितेय. पहिली काही वर्षं ‘जास्त वाचक कुठे’ एवढं एकच बघून पाठवत राहिले, आणि त्यात एक चांगली कथा कायमची हातची गेली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या दोन कथांचं बोलू. बहुतेक नियतकालिकं अप्रकाशित साहित्य मागतात. ज्या पानावर कोणीही जाऊन वाचू शकतं तिथे टाकलेली कथा त्यांच्या लेखी प्रकाशित झालेली असते, मग ती पाच जणांनी वाचलेली असो की पाच हजारांनी. आज तुम्ही ते पान काढून टाकलंत तरी त्यात बदल होत नाही. संपादक तुमच्याकडून घेतो तो पहिल्या प्रकाशनाचा हक्क, आणि तो एकदाच देता येतो. अभिप्रायासाठी बंद गटात दाखवलेला मजकूर सहसा प्रकाशित धरत नाहीत, पण प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो. नियमावलीत लिहिलेलं नसेल तर एका ओळीची मेल करून विचारा. लपवू मात्र नका. कथेतलं एक वाक्य शोधून पाहणं संपादकाला काहीच अवघड नसतं, आणि एकदा गेलेला विश्वास परत मिळवणं फार कठीण. पूर्वप्रसिद्ध कथा घेणारी नियतकालिकंही आहेत. मानधन कमी असतं, पण त्या दोन कथांसाठी तोच मार्ग सरळ आहे.

उरलेल्या तीन कथा अजून कोऱ्या आहेत. त्या जपा.

आता माझी गोष्ट. एका संकेतस्थळाने कथास्पर्धा जाहीर केली होती. शुल्क नव्हतं, बक्षीस बरं होतं. मी कथा पाठवली, नंबर आला नाही, विसरून गेले. तीन वर्षांनी एका संपादकांना तीच कथा संग्रहासाठी हवी होती. त्यांनी विचारलं, हक्क तुमच्याकडेच आहेत ना? तेव्हा मी पहिल्यांदा त्या स्पर्धेचे नियम पूर्ण वाचले. स्पर्धेत आलेल्या सगळ्या साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. सगळ्या, म्हणजे बक्षीस न मिळालेल्याही. मी आयोजकांना चार पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. संग्रह माझ्या कथेशिवाय निघाला. ती कथा मी आजही कुठे देऊ शकत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

तेव्हापासून कुठेही पाठवण्याआधी मी त्या ठिकाणचं हक्कांचं पान वाचते. कॉपीराइट मिळवण्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही; कॉपीराइटविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराला धरून चालणाऱ्या देशांत तो लिहिल्याक्षणी तुमचाच असतो. सही करून किंवा ‘मान्य आहे’वर टिचकी मारून आपण तो गमावतो. म्हणून शब्द नीट बघायचे. ‘अनन्य’ लिहिलं असेल तर त्या मुदतीत तुम्ही ते दुसरीकडे छापू शकत नाही. मुदत किती आहे ते शोधा. तीन महिने, सहा महिने, एक वर्ष, सगळं चालण्यासारखं आहे. ‘कायमस्वरूपी आणि अनन्य’ हे दोन शब्द एकत्र दिसले, किंवा ‘हक्क हस्तांतरित करत आहे’ असं वाक्य आलं, तर थांबा. रूपांतर, ध्वनिमुद्रण, अनुवाद हे हक्क त्याच वाक्यात गुंडाळलेले असतील तर ते वगळून मिळतील का, असं विचारा. विचारल्याने कोणी रागावत नाही; मला दोनदा वगळून मिळालेत. लेखक म्हणून आपलं नाव राहणं आणि मजकुराची मोडतोड न होणं, याला नैतिक हक्क म्हणतात. ते सोडून द्यायला सांगणारं कलम असेल तर मी पुढे जात नाही. आणखी एक कलम अलीकडे दिसू लागलंय: मजकूर भाषा-प्रतिमानांच्या, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्या एआयच्या, प्रशिक्षणासाठी वापरण्याची परवानगी. द्यायची की नाही हा निर्णय तुमचा आहे, पण तो नकळत व्हायला नको.

उलट बाजूही सांगते, कारण नवे लेखक मोठ्या व्यासपीठांच्या अटी वाचून घाबरतात. ‘जगभर, विनामोबदला, अनन्य नसलेला परवाना’ हे वाक्य जवळपास सगळीकडे असतं. तुमचा मजकूर त्यांच्या सर्व्हरवर ठेवून लोकांना दाखवायचा तर त्यांना तेवढी परवानगी लागतेच. तिथे ‘अनन्य नसलेला’ हा शब्द आहे ना, एवढं बघा.

यानंतर प्रत्येक मजकुरापुढे एकच प्रश्न ठेवायचा: याला काय हवंय? तुमचे सात लेख माहितीचे आहेत. त्यांना शोधत येणारा वाचक हवा, आणि तो आज, उद्या, चार वर्षांनीही येत राहिला पाहिजे. अशा लेखांचं मूळ घर स्वतःचं संकेतस्थळच असावं, असं माझं ठाम मत आहे. मोठी व्यासपीठंही बंद होतात. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज हे लोकांना स्वतःची पानं बनवू देणारं संकेतस्थळ बंद केलं तेव्हा लोकांची लक्षावधी पानं एका फटक्यात गेली. काही भाग जुनी पानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हसारख्यांनी धावपळ करून वाचवला. मीही एका बंद पडलेल्या व्यासपीठावर अकरा लेख गमावलेत, कारण प्रत ठेवली नव्हती. मूळ लेख आपल्याकडे ठेवून नंतर मीडियम या लेखनाच्या व्यासपीठावर घेता येतो. तिथल्या आयात सोयीने टाकलात तर मूळ पान कुठलं हे शोधयंत्रांना कळतं आणि तिथली प्रत शोधात तुमच्या मूळ लेखाला मागे ढकलत नाही. मीडियमच्या २०१७ पासूनच्या भागीदार योजनेत लेखकाचे पैसे सभासद किती वेळ वाचतात आणि कसा प्रतिसाद देतात यावर ठरतात, त्यामुळे तिथल्या आकड्यांवर घरखर्च बांधू नका. वाचक थेट आपल्याशी जोडलेले हवेत असं वाटत असेल तर सबस्टॅक हे ईमेलने लेख पाठवण्याचं व्यासपीठ बघा. वाचकांची ईमेल यादी तुम्हाला उतरवून नेता येते, आणि सशुल्क वर्गणी सुरू केलीत तरच ते दहा टक्के घेतात.

कथेला मात्र संपादक हवा असतो. कोणीतरी अनोळखी माणूस ती निवडतो, दोन वाक्यं कापायला सांगतो, आणि कथा सुधारते. हे व्यासपीठावर ‘प्रकाशित करा’ दाबून मिळत नाही. म्हणून तीन कोऱ्या कथा नियतकालिकांकडेच पाठवा.

कोणतं निवडायचं? त्यांचे अलीकडचे तीन अंक वाचा. दुसरा रस्ता मला माहीत नाही. ‘दर्जेदार साहित्य पाठवा’ हे प्रत्येक नियमावलीत असतं, त्यातून काही कळत नाही. तीन अंक वाचले की कळतं: यांना शेवट उघडा ठेवलेला आवडतो, यांच्याकडे संवाद जास्त असतात, हे विनोदी काही घेतच नाहीत. तुमची कथा त्या अंकात मधल्या पानावर असती तर शोभली असती का, असा विचार करून पाहा. शब्दमर्यादा पाळा, फाइल सांगितलेल्या प्रकारातच पाठवा. यावर जास्त लिहीत नाही.

इंग्रजीतही लिहीत असाल तर नियतकालिकं शोधून देणाऱ्या संकेतस्थळांपैकी सबमिशन ग्राइंडर मोफत आहे, ड्युओट्रोप वर्गणीवर चालतं. दोन्हीकडे लेखकांनी स्वतः नोंदवलेले उत्तराचे काळ दिसतात, आणि मला तेच सगळ्यात उपयोगी वाटतं. चार दिवसांत उत्तर देणाऱ्याकडे आधी पाठवावं, वर्षभर लावणाऱ्याकडे नंतर. एखादं ठिकाण खात्रीचं वाटत नसेल तर १९९८ पासून लेखकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणारं ‘रायटर बिवेअर’ हे संकेतस्थळ आधी चाळा. नियतकालिक सध्या साहित्य घेतंय ना, हेही त्याच दिवशी बघा. क्लार्क्सवर्ल्ड या विज्ञानकथांच्या मासिकाकडे फेब्रुवारी २०२३ मध्ये यंत्राने लिहिलेल्या कथांचा इतका पूर आला की त्यांना काही काळ दार लावून घ्यावं लागलं. तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी ‘हे मी स्वतः लिहिलं आहे’ असं नियमाने लिहून द्यावं लागतं. ते खरंच असेल तरच लिहा.

एकच कथा एकाच वेळी चार ठिकाणी पाठवता येते का, हे नियमावलीत असतं. जिथे नको म्हणतात तिथे पाठवलीत तर उत्तर येईपर्यंत ती दुसरीकडे देऊ नका. जिथे चालतं तिथे एकाने स्वीकारल्याबरोबर, त्याच दिवशी, बाकीच्यांकडून परत घ्या. एकदा मी हे दोन दिवस टाळलं आणि दोन संपादकांचे होकार एकाच सकाळी आले. ज्यांना नाही म्हणावं लागलं त्यांच्याकडे मला परत कधी पाठवता आलं नाही. एक साधी वही ठेवा: कथा, ठिकाण, तारीख, उत्तर. ‘साभार परत’ आली की त्याच आठवड्यात पुढच्या ठिकाणी पाठवा. संपादकाने दोन ओळी स्वतःहून लिहिल्या असतील तर त्यावर विचार करा. नुसतंच छापील उत्तर असेल तर कथेला हात लावू नका, तिच्यात खोट आहे असं त्यातून सिद्ध होत नाही.

राहिली ती स्पर्धा. लेखकांमध्ये एक जुना नियम आहे, पैसा लेखकाकडे वाहायला हवा. लेखकाकडून पैसे मागणाऱ्या प्रकाशकाला तो डोळे झाकून लावा. स्पर्धांच्या बाबतीत मी थोडी सवलत देते, कारण काही चांगली नियतकालिकं थोडंसं शुल्क घेतात आणि त्यातूनच बक्षीस व परीक्षकांचं मानधन देतात. पण परीक्षकांची नावं जाहीर हवीत, मागच्या विजेत्या कथा कुठेतरी वाचायला मिळायला हव्यात, आणि बक्षीस न मिळालेल्या कथेचे सगळे हक्क लेखकाकडेच राहतात असं लिहिलेलं हवं. यातलं एक जरी नसेल तरी मी पैसे भरणार नाही.

तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकात परीक्षकांची नावं आहेत, जुन्या विजेत्यांची यादीही आहे. हक्कांबद्दल मात्र ‘आयोजकांचा निर्णय अंतिम राहील’ एवढीच ओळ आहे. त्यांना आजच मेल करून विचारा: निवड न झालेली कथा मी निकालाच्या दुसऱ्या दिवशी दुसरीकडे देऊ शकते का? हो असं लेखी आलं तर तिन्हींतली एकच पाठवा. बाकीच्या दोघींसाठी या आठवड्यात अंक वाचायला घ्या. उत्तर आलं की इथे टाका, त्यातले शब्द आपण मिळून बघू.