वाचक विचारतात : अफवा, कर्जखतं आणि झुंड

प्रश्न : १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. युरोपात ज्यूंवरही अशाच अफवांवरून हल्ले होत का?
– एक शिक्षिका, साक्री

उत्तर : होत, आणि फार जुन्या काळीच होत असंही नाही. पोलंडमधलं किएल्त्से बघा. महायुद्ध संपून वर्ष उलटलं होतं. १ जुलै १९४६ ला आठ वर्षांचा एक मुलगा घरी न सांगता खेड्यावर गेला आणि ३ तारखेला रात्री परतला. मला कोंडून ठेवलं होतं, म्हणाला. दुसऱ्या दिवशी बाप त्याला पोलिसांकडे घेऊन निघाला, तर पोराने प्लांटी रस्त्यावरच्या ७ नंबरच्या घराकडे बोट दाखवलं. नाझींच्या तावडीतून वाचलेले ज्यू तिथे राहत होते. तळघरात डांबल्याची तक्रार, आणि त्या घराला तळघरच नव्हतं! पण झडतीला निघालेल्या पोलिसांनीच जाता जाता लोकांना कारण सांगितलं होतं. गर्दी जमली. पहिल्या गोळ्या झाडल्या त्या आत शिरलेल्या गणवेशधाऱ्यांनी. जमाव सुटला तो त्यानंतर. ४२ ज्यू मारले गेले.

या अफवेचा सांगाडा मध्ययुगातला. ११४४ मध्ये इंग्लंडात नॉर्विचला एका मुलाचं प्रेत सापडलं आणि आळ ज्यूंवर आला. पुढच्या शतकात त्याला रक्ताची फोडणी मिळाली : म्हणे, ज्यू विधीसाठी ख्रिस्ती मुलांचं रक्त वापरतात, वल्हांडण या त्यांच्या सणाच्या भाकरीतही घालतात. आता ती भाकरी कशी करतात बघा. पीठ आणि पाणी, बस. मीठसुद्धा नाही. पाणी लागल्यापासून १८ मिनिटांत भाजून निघाली पाहिजे, नाहीतर पीठ आंबलं असं धरतात. आणि रक्त? धर्माने ते इतकं निषिद्ध की मटण अर्धा तास पाण्यात, मग तासभर जाड्या मिठात ठेवून निथळवतात आणि तीनदा धुतात. पोप चौथ्या इनोसंटने १२४७ मध्येच हा आरोप खोटा ठरवला होता. ऐकतो कोण!

प्रश्न : ज्यू सावकार होते, म्हणून लोक चिडले, एवढंच ना?
– एक शेतकरी, चोपडा

उत्तर : एवढंच नाही. सगळे ज्यू सावकार नव्हते. जे झाले त्यांना दुसरे धंदे फारसे उघडे नव्हते : कारागिरांचे संघ त्यांना घेत नसत, जमिनीवर निर्बंध, आणि व्याज घेणं चर्चने ख्रिस्ती माणसाला मना केलेलं. चिडीमागचा हिशेब मात्र इंग्लंडात यॉर्कला उघडा पडला. मार्च ११९० मध्ये तिथले सुमारे दीडशे ज्यू जमावाच्या भीतीने राजाच्या गढीत लपले. बहुतेकांनी आत्महत्या केली. अभय मिळेल म्हणून जे बाहेर आले त्यांना कापून काढलं. हल्ल्याचे पुढारी ज्यूंचेच कर्जबाजारी जमीनदार होते. तिथून ते थेट मोठ्या चर्चमध्ये गेले आणि तिथे ठेवलेली कर्जखतं जमिनीवर रचून पेटवली.

आपल्याकडे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला दंगा झाला तेव्हाही खतंच जाळली, पण सावकारांचे जीव सहसा घेतले नाहीत. हा फरक मोठा आहे.

इंग्लंडात ज्यू मेला की त्याच्या येण्यांवर राजाचा हक्क असे. म्हणजे नुकसान राजाचंही झालं. म्हणून ११९४ पासून प्रत्येक खताच्या दोन प्रती निघू लागल्या : एक सावकाराकडे, दुसरी सरकारी पेटीत. पेटीला तीन कुलपं; एक किल्ली ज्यूंकडे, एक ख्रिस्ती लोकांकडे, एक कारकुनाकडे. कागद सुरक्षित झाले. १२९० मध्ये माणसांना देशाबाहेर काढलं.

प्रश्न : ‘पोग्रोम’ म्हणजे दंगलच ना?
– एक विद्यार्थी, भुसावळ

उत्तर : रशियन शब्द, अर्थ मोडतोड, विध्वंस. १८८१ मध्ये रशियाचा झार (सम्राट) दुसरा अलेक्झांडर याच्या खुनानंतर ज्यूंवर हल्ल्यांची लाट आली आणि हा शब्द जगभर गेला. दंगलीत दोन बाजू असू शकतात. पोग्रोममध्ये एकच बाजू मारते आणि सरकार बघत बसतं. एप्रिल १९०३ मध्ये रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्हला ईस्टरच्या दिवशी सुरुवात झाली. ४९ ज्यू मेले, सुमारे दीड हजार घरं-दुकानं फुटली. फौज शहरातच होती. तिला कारवाईचा हुकूम दुसऱ्या दिवशी निघाला, आणि काही तासांत सगळं शांत झालं.