मीटिंग दर महिन्याला होते, पण बाईचं काय होतं?

प्रश्न : ताई, आमचा दहा-बारा जणींचा ग्रुप आहे, घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांना मदत करतो. अडचण अशी की बाईने पोलिसांकडे जायचं, मग दवाखान्यात, मग वकील, मग निवारा, आणि प्रत्येक ठिकाणी सगळं पहिल्यापासून सांगायचं. तिसऱ्या-चौथ्या चकरेत ती दमते आणि परत त्याच घरात जाते. म्हणून आम्ही या सगळ्यांची एकत्र मीटिंग सुरू केली, वर्ष झालं, सगळे येतात, छान बोलतात, पण बायकांना काडीचा फरक पडलेला नाही. कुठे चुकतंय आमचं?

उत्तर : फार काही चुकलं नाहीये, फक्त मीटिंग म्हणजेच एकत्र काम असं सगळ्यांना वाटतं तसं तुम्हालाही वाटलं. मीसुद्धा असल्या मीटिंगांना बसलेय. प्रत्येक जण आपल्या खात्याने काय काय केलं ते सांगतो आणि उठतो, आणि जिच्यासाठी हे चाललंय तिचा उद्याचा दिवस कसा जाणार ते कुणाच्याच वहीत नसतं.

सगळ्या खात्यांनी मिळून काम करायची ही कल्पना पहिल्यांदा नीट रुजली ती अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या डुलूथ शहरात, १९८१ मध्ये. एलन पेन्स आणि त्यांच्या सोबतच्यांनी काय केलं, तर फोन उचलणाऱ्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळी साखळी बघितली आणि प्रत्येक कडीला विचारलं की तुमच्या रोजच्या कामात, तुमच्या फॉर्ममध्ये, बाईची सुटका नेमकी कुठे अडकते? आणि मग ते नियमच लेखी बदलून घेतले. उदाहरणार्थ पोलीस आधी नवऱ्याला जरा बाहेर फिरवून आणायचे आणि शांत झाला की परत घरात सोडायचे, १९८२ पासून तिथे पुरावा दिसला तर अटक करायचीच असं ठरलं, म्हणजे ‘ताई, तक्रार करायची का’ हा प्रश्न तो समोर उभा असताना तिला विचारायची वेळच येऊ नये. (या सक्तीच्या अटकेचे तोटेही पुढे दिसले, काही ठिकाणी स्वतःला वाचवताना हात उचललेल्या बायकाही आत गेल्या, त्यामुळे हा नियम जसाच्या तसा उचला असं मी म्हणणार नाही.) पण मुद्दा कळला ना? बदलायचं ते खात्यांनी, बाईने नाही.

आता तुमच्या मीटिंगचं. ब्रिटनमध्ये कार्डिफला २००३ मध्ये एक पद्धत सुरू झाली, ती मला सगळ्यात कामाची वाटते. मीटिंग होते, पण फक्त जिच्या जिवाला मोठा धोका आहे अशा केसेसची. पोलीस, आरोग्य, घरांचं खातं, मुलांचं खातं सगळे एका टेबलाला, एकेका केसला थोडाच वेळ, आणि उठायच्या आधी कुणी काय करायचं ते ठरलेलं. बाई स्वतः तिथे नसते, तिच्या बाजूने बोलणारी एक कार्यकर्ती असते जी आधी तिच्याशी बोलून येते. खरं सांगू, सगळा खेळ या एका कार्यकर्तीवर आहे. फोन तिला, पोलीस स्टेशनला सोबत ती, कोर्टाच्या तारखा लक्षात ठेवणारी ती. अशी माणसं नसतील तर वीस खाती एकत्र बसली तरी त्यातून बाईच्या हाती काही लागत नाही.

सगळं एकाच इमारतीत आणायचा प्रयोगही झालाय, अमेरिकेत सॅन दिएगोला २००२ मध्ये. चकरा वाचतात हे खरंच, पण इमारतीसाठी थांबून राहू नका. मुंबईत उलटी वाट धरली गेली, बाई जिथे तशीही जाते तिथेच मदत नेऊन ठेवायची. १९८४ मध्ये पोलिसांच्याच ऑफिसात समाजकार्यकर्त्यांचा स्पेशल सेल आला आणि पुढे २००० च्या आसपास बांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात ‘दिलासा’ केंद्र. यातली हुशारी बघा, दवाखान्यात जाते म्हटलं की घरात कुणी का म्हणून विचारत नाही.

धोका कसा ओळखायचा हे ग्रुपमधल्या प्रत्येकीला पाठ हवं. त्याने कधी गळा दाबला का? (वळ उमटला नसला तरी ही फार गंभीर खूण आहे, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं.) हत्यार दाखवलं का, मारून टाकीन म्हणाला का, मार हल्ली वाढलाय का, आणि ती नुकतीच घर सोडून आलीय किंवा सोडणार आहे का. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात पोलीस जागेवरच असे ११ प्रश्न विचारतात आणि धोका दिसला की तिथूनच हेल्पलाइनला फोन लावून तिच्या हातात देतात. तुम्हीही असा एकच कागद करा आणि पोलीस, नर्स, वकील सगळ्यांना तोच द्या.

आणि एक, समेटाच्या मोहात पडू नका. चार शहाणी माणसं जमली की ‘दोघांना समोरासमोर बसवू’ निघतंच, आणि त्याच्यासमोर ती खरं बोलू शकत नाही, बोललीच तर घरी गेल्यावर भोगते. बायकांवरच्या हिंसेविरुद्धच्या युरोपच्या २०११ च्या इस्तंबूल करारात सक्तीच्या मध्यस्थीला सरळ मनाई आहे. तसंच तिला विचारल्याशिवाय तिची माहिती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाऊ देऊ नका, निवाऱ्याचा पत्ता तर नाहीच नाही, टेबलाभोवती कुणी नवऱ्याच्या ओळखीचं निघू शकतं.

प्रश्न : माझा मोठा भाऊ वहिनीला मारतो. ती काही बोलत नाही. मी परस्पर पोलिसांना कळवू का?

उत्तर : मार चालू असेल, जिवावर बेतत असेल तर हो, ताबडतोब. एरवी आधी वहिनीला विचारा, भाऊ घरात नसताना, आणि ती सांगेल तेवढंच ऐकून घ्या, ‘तू सहन का करतेस’ हे विचारू नका. बाहेर पडायची वेळ सगळ्यात धोक्याची असते म्हणून घाई तिची असू दे, तुमची नको. तिच्या फोनवर याबद्दल एकही मेसेज टाकू नका, फोन तो बघत असणार असंच धरून चाला. तिची कागदपत्रं, थोडे पैसे आणि कपड्यांचा एक जोड तुमच्याकडे ठेवता येईल का तेवढं विचारून ठेवा.