रविवारची गाडी आणि टपावरच्या काठ्या

मागच्या अंकात नाथसागरावरच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या पाण्यावरच्या लेखाशेजारी एक जुना फोटो छापला होता, एसटीच्या टपावर वेळूच्या लांब काठ्या बांधलेल्या आणि खाली काही जण डबे, पिशव्या घेऊन उभे. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सदर सगळं गळ टाकणाऱ्यांच्या सहलींनाच दिलंय.

प्रश्न (जालना) : काका, फोटो बघून वडिलांची लई आठवण आली. ते औरंगाबादला नोकरीला होते, ८०-९० च्या काळात रविवार आला की मित्रांसोबत गळ घेऊन पैठणकडे जायचे. आता ते नाहीत. तो दिवस नेमका कसा असायचा? गाडी कुठली, आमिष काय, मासे कोणते?

उत्तर : तुमच्या वडिलांच्या गटात मी होतो की नाही सांगता येत नाही कारण असे गट बरेच होते, बँकेतल्यांचा वेगळा, कॉलनीतल्यांचा वेगळा, कारखान्यातल्यांचा वेगळा. पण दिवस सगळ्यांचा जवळपास सारखाच जायचा म्हणून सांगतो.

आधी पाणी. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि उद्घाटन १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते, म्हणजे आम्ही जायला लागलो तेव्हा ते पाणी अजून नवंच होतं. ज्यांनी ७२ चा दुष्काळ बघितला, सुकडी खाल्ली, खडी फोडली, त्या माणसांना एवढं पाणी नुसतं समोर असलं तरी बरं वाटायचं, मासा लागो न लागो. आजच्या पोरांना हे सांगून कळत नाही.

गाडी दोन प्रकारची. चार-पाच जणच असले तर मध्यवर्ती स्टँडवरून पहाटेची पहिली पैठण गाडी, काठ्या टपावर, कंडक्टरच्या हातापाया पडून. आणि गट मोठा असला की प्रासंगिक करार, म्हणजे डेपोत आगाऊ पैसे भरून आख्खी एसटीच ठरवायची, पुढच्या काचेवर तशी पाटी लागायची. लग्नसराईत मात्र गाडी मिळायची नाही कारण सगळ्या वऱ्हाडाला गेलेल्या असायच्या, आणि नाथषष्ठीच्या दिवसात पैठण रोडचं नावच काढायचं नाही. वर्गणीचा हिशोब एकाकडे, वही त्याची, शब्द त्याचा. बिडकीनला चहा व्हायचा आणि तिथंच ठरायचं आज कुठल्या बाजूला उतरायचं. धरणाच्या भिंतीपाशी बसू देत नसत, त्यामुळं फुगवट्याच्या कडेची गावं किंवा मग सरळ नगर रोडनं कायगाव टोक्याला, जिथं प्रवरा गोदावरीला मिळते.

आमिषाचं काम शनिवारी रात्रीच सुरू. शेंगदाण्याची पेंड भिजत घालायची, पहाटे पिळून कणकेत मळायची, त्यात थोडं हिंगाचं पाणी, कुणी ओवा कुटून टाकायचं. गोळा असा पाहिजे की पाण्यात लगेच विरघळू नये आणि माशाच्या तोंडात दगडही वाटू नये. वाम आणि शिंगाळ्यासाठी गांडुळं, ओल्या मातीसकट डालड्याच्या डब्यात, झाकणाला भोकं पाडून. मरळीसाठी छोटं बेडूक. हे सगळं आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही, काठावरच्या भोई मंडळींनी शिकवलं. त्यांचं पोट त्या पाण्यावर आणि आम्ही आपले रविवारी हौस करायला आलेलो, तरी त्यांनी कधी हातचं राखून सांगितलं नाही, हे मला आजही मोठं वाटतं.

तरंगायला मोरपिसाची काडी असायची, पीस काढून टाकलेली. तिच्याकडं बघायला शिकणं म्हणजे अर्धी मासेमारी. लहान चिलापी असली की काडी नुसती टिचटिच नाचत राहते, तिकडं लक्ष द्यायचं नाही. रोहू आला की आधी एक बारीक हिसका, मग काडी तिरकी होते आणि सरकत सरकत खाली जाते, त्या सरकण्यातच मनगटाचा झटका द्यायचा, आधी दिला तर गळ रिकामा आणि उशिरा दिला तर आमिष गायब. मृगळ तळाशी चरतो, त्याला गळ खाली सोडावा लागतो, कटला वरच्या पाण्यातला, म्हणून एकाच ठिकाणी बसलेल्या दोघांच्या डब्यात वेगवेगळे मासे यायचे आणि त्यावरून गाडीत घरापर्यंत वाद चालायचा.

दुपारी भाकरी, ठेचा, कांदा आणि एखादा मासा तिथंच तीन दगडांवर काळं तिखट लावून भाजलेला.

आणि शेवटचं, वाटे. आमच्या गाडीचा नियमच होता, सगळ्यांचा माल एकत्र करायचा, ताडपत्रीवर जेवढी माणसं तेवढे वाटे लावायचे. मग एकानं पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्यानं एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, हा कुणाचा? पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं. ज्याला दिवसभर काहीच लागलं नाही त्याच्याही पिशवीत मासे आणि ड्रायव्हर-कंडक्टरचा वाटा वेगळा, तो आधी काढून ठेवायचा. तुमचे वडील रिकाम्या हातानं घरी आले असं तुम्हाला आठवत नसेल तर त्याचं कारण बहुतेक हेच.

प्रश्न (नांदेड) : माझा भाचा इंग्लंडमध्ये शेफील्डला असतो. तो म्हणतो तिथले म्हातारे लोक सांगतात की पूर्वी रविवारी बस भरभरून मासे धरायला जायचे आणि धरलेले मासे परत सोडून द्यायचे! हे खरंय का? आम्ही विष्णुपुरीला जातो पण सोडून देत नाही बुवा.

उत्तर : खरंय. शेफील्ड म्हणजे पोलादाचं गाव, भट्टीवर आणि चाकू-सुऱ्यांच्या कारखान्यात आठवडाभर राबणारे कामगार सुट्टीला लिंकनशायरकडच्या विथम नदीवर आणि तिकडच्या कालव्यांवर जायचे. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यासाठी खास रेल्वेगाड्या सुटायच्या, मग पुढं मोटारबस आल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतरची दोन-तीन दशकं तर बसचीच. कारखान्याचा क्लब, मोहल्ल्यातल्या पबचा क्लब, प्रत्येकाची आपली बस. बर्मिंगहॅमचे लोक सेव्हर्न नदीवर जायचे.

त्यांच्याकडं सहल म्हणजे बहुतेक वेळा स्पर्धाच. नदीकाठावर नंबर टाकलेल्या खुंट्या असतात, त्याला ते पेग म्हणतात, आणि कुणी कुठं बसायचं ते चिठ्ठी काढून ठरतं. चांगला नंबर निघाला तर दिवस सोन्याचा, वाईट निघाला तर तिथंच बसायचं, उठून दुसऱ्याच्या शेजारी जायचं नाही. शिट्टी झाली की सुरू, शिट्टी झाली की बंद. मासे लांब जाळीच्या पिशवीत पाण्यातच जिवंत ठेवायचे, शेवटी काट्यावर वजन करायचं, कुणाचं जास्त ते लिहायचं आणि सोडून द्यायचे. आमिष म्हणजे बहुतेक माशीच्या अळ्या, रंगवलेल्यासुद्धा मिळतात. आपल्याला खायचे मासे सोडणं पटत नाही पण त्यांच्या नदीतले रोच, ब्रीम हे काटेरी मासे तिकडं फारसे कुणी खात नाही, त्यामुळं सोडण्यात त्यांना काही वाटत नाही.

अजून एक गोष्ट, भाच्याला सांगा शेफील्डचंच कर्तृत्व आहे. तिथले खासदार ए. जे. मुंडेला यांच्या पुढाकारानं १८७८ ला कायदा झाला आणि गोड्या पाण्यातल्या अशा माशांना अंडी घालायच्या दिवसात, १५ मार्च ते १५ जूनपर्यंत, धरायला बंदी आली. नद्यांवर ती अजून आहे. १६ जूनची वाट ते लोक बघायचे, पहिल्या बसला जागा मिळावी म्हणून.

प्रश्न (परभणी) : आम्ही येलदरी आणि सिद्धेश्वरला जायचो, जिंतूर रोडनं, मेटाडोर ठरवून. ते सगळं बंद का पडलं? मासे कमी झाले म्हणून?

उत्तर : मला नाही वाटत मासे हे मुख्य कारण आहे. पाण्याचं कमीजास्त आपल्याकडं कायमचंच, नाथसागर मृतसाठ्यात गेलेली वर्षं आपण बघितली आणि दारं उघडून पाणी सोडलेलीही बघितली, २००६ ला तर पैठणमध्ये पाणी शिरलं होतं. मासे गेले, परत आले, मत्स्यबीज सोडलं जातंच, नाहीतर रोहू-कटला साठलेल्या पाण्यात आपले आपण फारसे वाढत नाहीत, त्यांना अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं.

माझं मत स्पष्ट आहे, ज्याच्या त्याच्या दारात गाडी आली आणि गट मोडला. मोटारसायकल आली तेव्हा दोघं दोघं वेगळे जायला लागले, मला लवकर परत यायचंय, मला कायगावलाच जायचंय, मग चारचाकी आली. इंग्लंडमध्येही अगदी हेच झालं, कामगारांकडं स्वतःच्या मोटारी आल्या तशा बस रिकाम्या होत गेल्या आणि वर कारखानेच बंद पडले म्हणून क्लबही गेले. एसटीत सुटका नव्हती ना, ज्याच्याशी आठवडाभर अबोला त्याच्याच शेजारी दीड तास बसावं लागायचं, आणि नवशिक्या पोराला कुणीतरी गाठ मारायला शिकवायचंच. एकट्यानं मोटारसायकलवर गेलं तर मासे मिळतात पण वाटे कुणाबरोबर लावणार? पोरांना गळाची गाठ आता मोबाईलवर बघून येते, चांगलीही येते, मी त्याला नावं ठेवत नाही, पण कुठल्या वाऱ्याला कुठल्या काठावर बसायचं हे शेजारी बसलेला माणूसच सांगतो.

परभणीत तुमच्यातले चार जण अजून असतील तर एक गाडी ठरवाच. सगळ्यांनी एकाच गाडीत बसायचं, एवढी एकच अट ठेवा.

प्रश्न (बीड) : मुलांना घेऊन नाथसागरावर गळ टाकायला जायचं तर परवानगी लागते का?

उत्तर : विचारल्याशिवाय जाऊ नका. १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळं वन विभागाला आधी विचारावंच लागेल. आणि आपल्याकडच्या जलाशयांत मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडं ठेक्यानं असतो, तेव्हा माजलगावला गेलात तरी संस्थेच्या माणसाला भेटून, काय असेल ती फी देऊन मगच बसा. पाणी ओसरलेल्या कडेच्या गाळात मुलांना उतरू देऊ नका, वरून वाळलेला दिसतो आणि आत गुडघाभर खचतो. आणि तुटलेला नायलॉनचा दोरा तिथं टाकायचा नाही, पक्ष्यांच्या पायाला गुंडाळतो. वजनाला शिसंही नको. काठावर पडलेल्या शिशाच्या गोळ्या खाऊन हंस मरायला लागले म्हणून इंग्लंडमध्ये १९८७ ला त्या विकायलाच बंदी आली, आपल्याकडं थंडीत नाथसागरावर बाहेरून किती बदकं येतात ते तुम्ही बघितलंच असेल. छोटा नट किंवा खडा दोऱ्याला बांधला तरी काम होतं.