क्रम लावण्याआधी आवृत्ती बघा

विज्ञानकथा आणि फँटसीतल्या पंचवीस आवडत्यांची यादी चार महिने अडली आहे आणि ‘ब्लेड रनर’ हा चित्रपट कधी तिसरा तर कधी एकविसावा येतो, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही. माझी अशीच यादी सहा वर्षं रखडली होती.

चित्रपट, मालिका आणि लेखक यांच्या वेगळ्या याद्या करायच्या वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात शिरत नाही.

माझी चूक वेगळीच होती. मी ‘ब्लेड रनर’ एका ऑनलाइन सेवेवर पाहिला. तिथे फक्त नाव होतं, कोणती आवृत्ती याचा पत्ता नाही. लागली ती १९८२ ची, चित्रपटगृहांत आलेली. नायक निवेदनातून सगळं समजावून सांगतो आणि शेवटी गाडी हिरव्या डोंगरांतून निघून जाते. मी तो शेवटून दुसरा ठेवला आणि भेटेल त्याच्याशी हुज्जत घातली. पुढे २००७ चा ‘फायनल कट’ पाहिला. निवेदन नाही, डोंगर नाहीत, लिफ्टचं दार बंद होतं आणि संपतं. त्या रात्री झोप लागली नाही. इतकी वर्षं मी एका चित्रपटावर राग धरला होता आणि लोक माझ्याशी दुसऱ्याच चित्रपटाबद्दल बोलत होते.

त्या सेवेला दोनदा विचारलं, ही कुठली आवृत्ती? दोन्ही वेळा तेच ठरावीक उत्तर, ‘आमच्याकडे मूळ चित्रपट आहे.’ तिसऱ्या पत्राला उत्तरच नाही. अहो, दोन्हींची लांबी जवळपास सारखीच, मग प्रेक्षकाने ओळखायचं कसं? वर्ष आणि आवृत्ती लिहायला एक ओळ पुरते. याचा राग अजून गेलेला नाही.

मग बाकीची यादीही संशयाने तपासली. स्टानिस्वाव लेम यांना मी लेखकांत अठरावं ठेवलं होतं, ‘सोलारिस’ कोरडी वाटली म्हणून. मूळ कादंबरी १९६१ ची, पोलिश. मी वाचलेलं १९७० चं इंग्रजी भाषांतर फ्रेंचवरून केलेलं, म्हणजे भाषांतराचं भाषांतर. त्यात नायिका हॅरीचं नावसुद्धा बदलून रेया झालंय. लेम यांना स्वतःला ते पसंत नव्हतं. थेट पोलिशवरून केलेलं इंग्रजी भाषांतर २०११ मध्ये आलं. ते वाचल्यावर लेम माझ्याकडे चौथे आहेत आणि तिथून हलतील असं वाटत नाही.

मालिकांचंही तेच. ‘फायरफ्लाय’ २००२ मध्ये दाखवली तेव्हा कथेची सुरुवात करणारा भाग सगळ्यांत शेवटी लावला होता. त्या क्रमाने पाहून कुणी ती खाली टाकली असेल तर दोष त्याचा नाही. आणि ‘ब्राझील’ या चित्रपटाची ती ९४ मिनिटांची, गोड शेवटाची आवृत्ती माझ्या मते मोजूच नये. दिग्दर्शक टेरी गिलियमचा चित्रपट तो नव्हेच.

हे सगळं माझं मत, नियम नाही. निवेदनवाला ‘ब्लेड रनर’ मनापासून आवडणारे लोक मला माहीत आहेत, त्यांना मी चुकीचं म्हणणार नाही. तुम्हाला जी आवृत्ती भावली तीच यादीत ठेवा, फक्त नावापुढे तिचं वर्ष लिहा.

आणखी एक, मला फार उपयोगी पडलेलं. प्रत्येक नावापुढे तुम्ही ते केव्हा पाहिलं किंवा वाचलं तेही लिहा. दहा जागांपेक्षा जास्त वरखाली होणारी नावं तेवढी पुन्हा बघा, बाकीच्यांना हात लावू नका. माझ्याकडे अशी सातच निघाली आणि त्यातली चार दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांत पाहिलेली होती. दहाचा आकडा मी अंदाजाने धरला, तुम्ही पाच धरलेत तरी चालेल.

तुमचा ‘ब्लेड रनर’ तिसरा आणि एकविसावा दोन्ही होतो, म्हणजे तुम्हीही तो दोन रूपांत पाहिला असावा असा मला दाट संशय आहे. पहिल्यांदा पाहिलात तेव्हा शेवटी लिफ्टचं दार होतं की डोंगर, तेवढं आठवून सांगा.