घराच्या परवानगीचं घोडं अडलंय कुठे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात घरकर्जावर लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आली त्यातली निम्मी कर्जाबद्दल नव्हतीच, नगरपरिषदेच्या बांधकाम परवानगीबद्दल होती. मी स्वतः तेवीस वर्षं तालुक्याच्या गावात छोट्या घरांचे नकाशे करून फायली घालतेय, त्यामुळे ही पत्रं वाचताना प्रत्येक घर डोळ्यासमोर उभं राहिलं. चार प्रश्न निवडलेत. नावं, गावं मुद्दाम काढली आहेत.

प्रश्न : आमचा प्लॉट ३० बाय ४० आहे, खाली दोन खोल्या आहेत. मुलाचं लग्न ठरलंय म्हणून वरचा मजला घ्यायचाय. इंजिनिअरने फाईल घालून साडेचार महिने झाले, नगरपरिषदेतले साहेब म्हणतात "तुम्ही काम सुरू करा, कागद होतील मागाहून". मोबाईलवर मेसेज फिरतोय की दीड हजार फुटापर्यंत परवानगीच लागत नाही, आणि भाचा म्हणतो ६० दिवस झाले की आपोआप मिळते. यातलं खरं काय? (एक वाचक भगिनी, मराठवाडा)

ताई, मेसेज आणि भाचा, दोघांच्या म्हणण्यात थोडं थोडं खरं आहे आणि म्हणूनच घोळ होतो, तर साहेबांचं धरून एकेक करून बघू.

आधी मेसेजचं. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकच बांधकाम नियमावली आली, तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. मुंबई महापालिका, लोणावळा, माथेरानसारखी हिल स्टेशनं, एमआयडीसी अशा काही जागा सोडल्या तर बाकी सगळीकडे तीच चालते. त्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला मोठी सवलत आहे, लायसन्स असलेल्या इंजिनिअर किंवा आर्किटेक्टने नियमात बसणारा नकाशा सही करून दाखल करायचा, शुल्क भरायचं, आणि ती पावती हीच परवानगी धरायची. १५० ते ३०० मीटरच्या प्लॉटला १० दिवसांत परवानगी द्यायची असं आहे. तुमचा ३० बाय ४० म्हणजे १,२०० फूट, साधारण १११ मीटर, तर तुम्ही पहिल्या गटात येता. पण नीट ऐका, हे मोजमाप प्लॉटचं आहे, बांधकामाचं नाही, आणि "परवानगी लागत नाही" याचा अर्थ "काही दाखल करायला लागत नाही" असा बिलकुल नाही. नकाशा, मालकीचा कागद, शुल्क, सोडायचं अंतर, एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम चालतं ते प्रमाण) सगळं तसंच लागतं. मी अशी घरं पाहिलीत जिथे लोकांनी मेसेज वाचून स्लॅब टाकला आणि नंतर बँकेने कर्जाचा शेवटचा हप्ता अडवला, कारण फाईलला पावतीच नाही.

म्हणून पहिलं काम, इंजिनिअरला विचारा की फाईल या सवलतीत घातली की नेहमीच्या मार्गाने. साडेचार महिने लागलेत म्हणजे एकतर ती नेहमीच्या मार्गाने गेलीय, नाहीतर काहीतरी त्रुटी निघालीय. प्लॉट मंजूर लेआउटमधला आहे का, एनए (बिनशेती) झालाय का, हेच नव्वद टक्के वेळा अडतं, निदान माझ्या टेबलावर तरी. गुंठेवारीतला, म्हणजे लेआउट मंजूर न करता गुंठा-गुंठा पाडून विकलेला असेल तर आधी तो नियमित करून घ्यावा लागेल. गुंठेवारीचा कायदा २००१ चा आहे, २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे प्लॉट त्यात आले.

आता भाच्याचं. एमआरटीपी कायदा (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा), १९६६, कलम ४५, यात खरंच आहे की ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी दिली असं मानायचं. पण त्याला दोन अटी आहेत आणि त्या कोणी सांगत नाही. एक, नकाशा विकास आराखड्यात आणि नियमात बसणारा पाहिजे, नसेल तर ६० काय ६०० दिवस झाले तरी ते बांधकाम अनधिकृतच. दुसरी, नगरपरिषदेने मध्ये काही कागद मागितले असतील तर ६० दिवस तुम्ही त्याला उत्तर दिल्या तारखेपासून मोजायचे. त्यामुळे आज जा आणि दोनच गोष्टी बघा : अर्जाची पोच कोणत्या तारखेची आहे, आणि त्रुटीचं पत्र निघालंय का. इंजिनिअरच्या लॉगिनला ते पत्र येऊन पडलेलं असतं आणि घरच्यांना पत्ताच नसतो, असं फार वेळा होतं.

आणि साहेबांचं "सुरू करा". ताई, हे ऐकू नका, अजिबात ऐकू नका. नगरपरिषद हद्दीत बांधकाम परवानगीवर सही मुख्याधिकाऱ्यांची असते, ना टेबलावरच्या साहेबांची ना नगरसेवकाची. ते साहेब भले असतील, मनापासून सांगत असतील, पण उद्या त्यांची बदली झाली की तुमच्या हातात काय उरतं? पोच आणि तारीख हाताशी असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे एक साधं पत्र द्या की अमुक तारखेचा अर्ज, अमुक दिवस झाले, निर्णय लेखी कळवावा. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली बांधकाम परवाना ही सेवा अधिसूचित केली असेल तर मुदतीत सेवा न दिल्याबद्दल अपीलही करता येतं. या पत्राने फाईल हलते, हा माझा तेवीस वर्षांचा अनुभव आहे, भांडणाने हलत नाही.

एक राहिलं. परवानगी हातात आली की कपाटात ठेवून देऊ नका. ती एक वर्ष चालते, पुढे दरवर्षी वाढवून घ्यावी लागते आणि ती वाढ जास्तीत जास्त तीन वर्षं मिळते. लग्न पुढे गेलं, पैसे कमी पडले म्हणून काम थांबलं तर मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आधी टाका.

प्रश्न : आमचा अर्ज नामंजूर झाला. पत्रात एकच ओळ, "प्रस्ताव नियमानुसार नाही". आता नवीन फाईल घालायची की अपील करायचं? (एक वाचक, पश्चिम महाराष्ट्र)

एकच ओळ चालत नाही. नकार देताना किंवा अटी घालताना कारणं लिहायची हे कलम ४५ मध्येच आहे. कुठला नियम, किती अंतर कमी, किती एफएसआय जास्त, हे लिहायला पाहिजे. म्हणून आधी कारणं लेखी मागा, आणि फाईलवरच्या टिपणीची प्रत माहिती अधिकारात मागवा, त्याला ३० दिवस लागतात.

पण हे करताना एक घड्याळ चालू असतं ते विसरू नका. कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील करायला निर्णय कळल्यापासून ४० दिवस मिळतात. माहिती अधिकाराचे ३० दिवस वाट बघत बसलात तर हातात दहाच उरतात! त्यामुळे अपील करायचं असेल तर तयारी दोन्हीकडून ठेवा.

माझं मत विचाराल तर, छोट्या घराला बहुतेक वेळा अपीलापेक्षा नकाशा दुरुस्त करून पुन्हा दाखल करणं बरं. बाजूला फूटभर कमी पडत असेल तर जिना फिरवता येतो, बाल्कनी आत घेता येते. अपील तेव्हा करा जेव्हा तुमचा नकाशा खरोखर नियमात आहे आणि तरीही नाकारलाय, तेव्हा मात्र सोडू नका.

प्रश्न : गच्चीवर पत्र्याची शेड आणि एक खोली काढलीय, आठ वर्षं झाली, घरपट्टी नियमित भरतो, त्यात शास्तीही (दंड) लावलीय तीही भरली. आता नोटीस आलीय की पाडा. शास्ती भरली म्हणजे नियमित झालं ना? शिवाय शेजारच्यांनी तक्रार केलीय की आमच्या खोलीमुळे त्यांच्या खिडकीचा उजेड गेला. (एक वाचक, उत्तर महाराष्ट्र)

दादा, हा प्रश्न वाचून वाईट वाटलं, कारण तुमच्यासारखे हजारो लोक हेच समजून निवांत बसलेत. नाही, शास्ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. विनापरवाना बांधकामावर घरपट्टीसोबत शास्ती लावतात, पण ती भरली म्हणून बांधकाम नियमित झालं असं मानायचं नाही हे कायद्यातच लिहिलंय. आठ वर्षं झाली, कोणी काही बोललं नाही, हाही बचाव नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की अधिकाऱ्यांनी उशीर केला, लक्ष दिलं नाही म्हणून अनधिकृत बांधकाम कायदेशीर होत नाही.

पण याचा अर्थ उद्या सकाळी जेसीबी दारात असाही नाही, म्हणून घाबरू नका. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पाडण्याआधी किमान १५ दिवसांची कारणे दाखवा नोटीस पाहिजे, म्हणणं ऐकून घ्यायला पाहिजे. रस्ता, फुटपाथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला हे संरक्षण नाही, तुमची स्वतःची गच्ची आहे त्यामुळे तुम्हाला आहे. तर नोटिशीवरची तारीख, ती हातात पडल्याची तारीख आणि मुदत, तिन्ही वहीत लिहून ठेवा.

मग खरं काम. नोटिशीच्या मुदतीत बांधकाम आहे तसं ठेवण्याच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो, एमआरटीपी कायद्याच्या कलम ५३ मध्ये ती सोय आहे, आणि त्या अर्जाचा निर्णय होईपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. इंजिनिअरकडून मोजमाप करून घ्या की खोली आजच्या नियमात बसते का. २०२० च्या नियमावलीनंतर एफएसआय बऱ्याच ठिकाणी वाढलाय, तेव्हा आठ वर्षांपूर्वी न बसणारी खोली आज बसू शकते, मी अशा दोन खोल्या वाचवल्यात. पत्र्याची शेड बसली नाही आणि खोली बसली तर शेड स्वतः उतरवा आणि तसं लेखी कळवा, सगळं धरून ठेवण्याच्या नादात दोन्ही जातात.

शेजाऱ्यांच्या उजेडाचं वेगळं. परवानगी देताना शेजाऱ्याची संमती लागते हा मोठा गैरसमज आहे, तुमची जागा आणि नियमातलं बांधकाम असेल तर साधारणपणे लागत नाही. सामाईक भिंत असेल, जागेत त्यांचा हिस्सा असेल तर गोष्ट निराळी. नगरपरिषद मालकीचे आणि हद्दीचे वाद सोडवत नाही, ती फक्त कागद वरवर बघते, बाकी दिवाणी कोर्ट. मात्र त्यांच्या खिडकीला २० वर्षं सलग, बिनतक्रार उजेड मिळत असेल तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने त्यांचा हक्क तयार झालेला असू शकतो, आणि नगरपरिषदेची परवानगी तो हक्क पुसत नाही. म्हणून आधी घरी जाऊन बसा त्यांच्याशी, चहा घ्या, विचारा खिडकी कधीची. हद्दीवरून असेल तर सिटी सर्व्हेची मोजणी दोघांनी मिळून करून घ्या.

प्रश्न : आतली एक भिंत काढून हॉल मोठा करायचाय, परवानगी लागेल का? (एक वाचक, कोकण)

बाहेरचं रूप न बदलणाऱ्या आतल्या दुरुस्तीला एमआरटीपी कायद्याच्या कलम ४३ खाली लागत नाही. फक्त ती भिंत वरचं वजन घेते का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय घण लावू नका, जुन्या जांभ्याच्या घरात आतल्या भिंतीवर वासे टेकलेले असतात. आणि फ्लॅट असेल तर सोसायटीला आधी पत्र द्या.